सक्युलंट आणि एअर प्लांट घेताना रंगाआधी बूड पाहावे

तुम्ही लिहिले आहे की नर्सरीतून आणलेली दोन सक्युलंट (पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडे) आणि एक एअर प्लांट (मातीशिवाय वाढणारे झाड) घेताना टवटवीत दिसत होती, तरी काही आठवड्यांतच बिघडली. एक उंच आणि फिकट होऊन त्याची पाने विरळ झाली, दुसऱ्याची पाने पारदर्शक होऊन गळाली, आणि एअर प्लांट तर उचलायला गेल्यावर मधूनच सुटून हातात आले. खिडकी पूर्वेची आहे, सकाळचे ऊन दोन-तीन तास येते, आणि विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणे तुम्ही आठवड्यातून एकदा पाणी दिलेत. आता पुन्हा नर्सरीत जाताना काय घ्यावे आणि चांगले रोप कसे ओळखावे, असा तुमचा प्रश्न आहे.

ही तिन्ही झाडे तीन वेगवेगळ्या कारणांनी गेली आहेत. पहिले उजेडाअभावी ताणले गेले, दुसरे मुळाशी कुजले आणि तिसऱ्याच्या बुडात पाणी साचून राहिले. त्यामुळे ‘पाणी किती द्यावे’ या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले असते तरी तिन्ही वाचली नसती. माझ्या मते खरी अडचण निवडीच्या वेळीच सुरू होते. नर्सरीत मांडलेले रोप तिथल्या उजेडाने, तिथल्या खेळत्या हवेने आणि तिथल्या पाणी देण्याच्या पद्धतीने घडलेले असते, आणि आपल्याबरोबर येते ते फक्त रोप. त्याचा रंग आणि घाट हा पुष्कळसा तिथल्या परिस्थितीचा असतो व तो मागेच राहण्याची शक्यता अधिक असते. बूड, मुळे आणि शेंडा मात्र घरी येतात. म्हणून मी रोप पाहताना बुडापासून सुरुवात करते आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळते.

पुढचे बरेचसे तुमच्या घरावर अवलंबून आहे, हे आधीच सांगायला हवे. उजेड, हवेतला दमटपणा, वारा आणि पाणी घालण्याची सवय यांपैकी एक गोष्ट बदलली तरी तेच झाड निराळे वागते. त्यातही उजेडाचा अंदाज नुसत्या नजरेने बांधता येत नाही, कारण डोळे कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतात आणि झाडांना ते जमत नाही. नर्सरीत जाण्याआधी एक साधी तपासणी करा. झाड जिथे ठेवणार आहात तिथे कोरा कागद ठेवून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी. सावलीत बोटे वेगवेगळी ओळखू येत असतील तर त्या वेळचा उजेड भरपूर आहे, सावली धूसर असेल तर मध्यम आहे, आणि सावली जेमतेम जाणवत असेल तर तिथे सक्युलंट ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. खिडकीपासून हातभर आत सरकले तरी उजेड झपाट्याने घटतो, तेव्हा कागद नेमक्या त्याच जागी ठेवायचा.

आता रंगाबद्दल. एचेव्हेरियासारख्या चक्राकार पानांच्या सक्युलंटवर लाल, जांभळ्या किंवा गुलाबी छटा येतात त्या प्रामुख्याने अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांमुळे, आणि कडक ऊन, थंड रात्री व आवळून धरलेले पाणी असा ताण असला की ती पानांत वाढतात. घरात तो ताण नाहीसा झाला की झाड हळूहळू हिरवे होते. त्यात आजार काही नाही. परंतु रंगासाठीच झाड घेतलेल्याची निराशा होते. म्हणून हिरवे झाले तरी आवडेल असेच रोप निवडावे. उजेड आणखी कमी पडला तर मग नुसता रंग जाऊन भागत नाही, पेरे लांबत जातात, आणि एकदा लांबलेली पेरे पुन्हा आखडत नाहीत. तुमचे ते उंच झालेले झाड अजून जिवंत असेल तर शेंडा तीन-चार सेंटिमीटर देठासह कापून, काप कोरडा पडेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवा आणि मग कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात खोवा. उरलेल्या बुंध्यालाही बहुधा नवे फुटवे येतात.

नर्सरीतली सगळीच रोपे पुरेशा उजेडात असतात असेही नाही. मांडणीच्या खालच्या फळीवर राहिलेली रोपे तिथेच ताणू लागतात. खालची पाने दाट आणि मधली नवी पाने विरळ, फिकट व एका बाजूला झुकलेली दिसली तर ते रोप तिथे बरेच दिवस पडून आहे, असे समजावे.

तुमच्या पूर्वेच्या खिडकीसाठी मी हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया ही नावे सर्वांत आधी सुचवेन. दोन्हींचे मूळ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचे. तिथे ती बहुधा झुडपांच्या आडोशाला किंवा खडकांच्या कपारीत वाढतात, त्यामुळे मधल्या प्रतीच्या उजेडात ती आपला घाट सोडत नाहीत. जेडचे झाड अगदी काचेलगत ठेवले तर चालू शकेल. एचेव्हेरियाचे बहुतेक प्रकार मुळात मेक्सिकोतल्या उघड्या, उन्हाच्या जागांचे आहेत. दोन-तीन तासांच्या उन्हात ती जगतात, पण नर्सरीत दिसली तशी राहत नाहीत. एचेव्हेरियासारख्याच दिसणाऱ्या सेम्परव्हायव्हमपासूनही सावध राहावे, कारण ती थंड डोंगराळ प्रदेशातली झाडे आहेत आणि उबदार घरात कुढत राहतात. त्यांच्या पानांच्या कडेला बारीक लव असते, ती भिंगातून चटकन दिसते. दगडासारखी दिसणारी लिथॉप्स मात्र पहिल्याच खेपेला घेऊ नयेत. त्यांची नवी पानांची जोडी जुन्या जोडीतले पाणी शोषून मोठी होते आणि जुनी जोडी वाळून कागदासारखी होते. या काळात पाणी दिले की जुनी पाने फुगलेलीच राहतात आणि सगळे चक्र बिघडते. सुरकुतलेले झाड पाहून पाणी न देणे हे नवख्या माणसाला फार जड जाते.

झाडाचा प्रकार ठरला की त्यातले एक रोप कसे निवडायचे, हा भाग मी जरा सावकाश सांगते, कारण सगळे इथेच ठरते. आधी कुंडी उचलून वजन पाहावे. त्याच मापाच्या दोन-तीन कुंड्या उचलल्या की कोणती ओली आहे हे हाताला कळते. शक्यतो हलकी, म्हणजे कोरडी कुंडी घ्यावी. मग रोप बाजूने, डोळ्यांच्या पातळीवर धरून सर्वांत खालची पाने पाहावीत. ती वाळून कागदासारखी झालेली असतील तर तो नैसर्गिक क्रम आहे, काळजी नको. पिवळट, पारदर्शक आणि बोटाला लिबलिबीत लागणारी पाने मात्र खाली पाणी मुरल्याचे सांगतात. त्यानंतर देठ मातीत शिरतो ती जागा पाहावी. तिथे काळपट, ओलसर वलय दिसले तर वरचा भाग कितीही देखणा असो, रोप खाली ठेवावे. शेवटी रोप दोन बोटांत धरून हलकेच डोलवून पाहावे. मुळे धरलेले रोप मातीसकट हलते. नुसते रोपच डुगडुगत असेल तर एकतर ते नुकतेच खोवलेले छाटकलम आहे किंवा त्याची मुळे कुजली आहेत. विक्रेत्याची परवानगी घेऊन ते उचलून पाहावे: तळाशी कोरडा, घट्ट झालेला काप दिसला तर ते निरोगी कलम आहे आणि जीव धरेल, मऊ, तपकिरी आणि वास येणारा भाग दिसला तर ते घेण्यात अर्थ नाही. एचेव्हेरियाच्या पानांवर पांढरट मेणाचा थर असतो आणि तो बोटांनी पुसला गेला की त्या पानावर पुन्हा धड येत नाही, म्हणून ही सगळी उचलाउचल कुंडीला किंवा देठाला धरूनच करावी.

किडींपैकी सर्वांत चिवट म्हणजे पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यांत आणि शेंड्यातल्या कोवळ्या पानांत कापसाचे कण अडकल्यासारखे दिसतात. नवी पाने वेडीवाकडी उमलत असतील तर कण दिसले नाहीत तरी संशय घ्यावा. याच्याच काही जाती मुळांवर राहतात, म्हणून कुंडी उलटी करून निचऱ्याच्या छिद्रांतूनही डोकवावे. तिथे पांढरे दिसले की लगेच घाबरू नये, कारण परलाइटचे, म्हणजे मातीत मिसळल्या जाणाऱ्या हलक्या खनिजाचे, दाणेही पांढरेच असतात. दाणा बोटांत चुरडला तर कुरकुरतो, किडीचे मेण बोटाला माखते. कुंडीच्या काठावरून मुंग्यांची ये-जा चालू असली तर मी ते रोप दुप्पट काळजीने पाहते, कारण पिठ्या ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या त्यांना जपतात. एक लहान भिंग खिशात असले की हे काम सोपे होते.

यानंतर येते माती, आणि तुमचे दुसरे झाड बहुधा तिच्यामुळेच गेले. नर्सरीत रोपे बहुतेकदा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) यांत वाढवतात. हे माध्यम वजनाला हलके, एकसारखे आणि भरपूर पाणी धरून ठेवणारे असते. हरितगृहात ऊन व वारा भरपूर असल्याने ते लवकर सुकते, म्हणून तिथे त्याची काही अडचण होत नाही. तेच माध्यम घरातल्या मंद उजेडात आणि कोंडलेल्या हवेत आठ-दहा दिवसही ओले राहू शकते. आठवड्यातून एकदा पाणी म्हणजे मग आधीचे सुकण्यापूर्वीच पुढचे. उलटपक्षी पीट एकदा पूर्ण कोरडे पडले की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि वरून घातलेले पाणी मधल्या मुळांना न भिजवता कडेने खाली निघून जाते. काही रोपांच्या मुळांभोवती, छाटकलम लावले तेव्हाची, बारीक जाळीत बांधलेली माध्यमाची गोळीही तशीच असते. कुंडी बदलताना ती कात्रीने कापून काढावी.

त्यामुळे मातीसाठी रोप नाकारायचे कारण नाही, फक्त घरी आणल्यावर ती बदलायची आहे हे गृहीत धरून घ्यावे. मी निम्म्याहून अधिक भाग तीन ते सहा मिलिमीटर आकाराचे खडबडीत दाणे घेते: प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), परलाइट, जाड वाळू किंवा चाळलेला विटांचा चुरा, जे सहज मिळेल ते. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वरच अडते आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. सगळे मिश्रणच भरड करावे आणि कुंडीला छिद्र असावे, एवढे पुरते.

सजवलेल्या रोपांपासून मी लांब राहते. मातीवरचे खडे गोंदाने चिकटवलेले असतात तेव्हा पाणी आत नीट जात नाही आणि बूडही तपासता येत नाही. निवडुंगावर चिकटवलेली वाळकी फुले, झाडावर फवारलेला निळा किंवा सोनेरी रंग, हाही त्याच जातीचा प्रकार. रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. हिरव्या खांबावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला निवडुंग मात्र खरा असतो, ते कलम आहे. वरच्या भागात हरितद्रव्य नसल्याने तो पूर्णपणे खालच्या खांबावर जगतो, आणि दोघांच्या वाढीचा वेग जुळत नसल्याने तो बहुधा काही वर्षेच टिकतो. हे माहीत असून घेतला तर हरकत नाही. एकाच पसरट कुंडीत पाच-सहा प्रकार लावलेली मांडणी मी कुणाला सुचवत नाही, कारण एओनियमसारखी थंडीत वाढणारी आणि उन्हाळ्यात निजणारी झाडे इतरांच्या शेजारी बसवली की दोघांनाही एकच पाणी मिळते आणि त्यातले एक तरी कुजते.

एअर प्लांट म्हणजे टिलँड्सिया. अननसाच्या कुळातली ही झाडे अमेरिका खंडांत फांद्यांवर आणि खडकांवर वाढतात. त्यांची मुळे मुख्यतः आधार धरण्यासाठी असतात आणि पाणी शोषले जाते ते पानांवरच्या सूक्ष्म खवल्यांतून. हे खवले दाट असले की पान रुपेरी, लवदार दिसते आणि विरळ असले की गुळगुळीत, हिरवे दिसते. खरेदीच्या वेळी हा फरक नावापेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण रुपेरी झाडे कोरड्या, उजेडाच्या जागांची असतात आणि हिरवी झाडे सावलीच्या, दमट जागांची. ज्याच्या हातून पाणी जास्त होते त्याने हिरवी घ्यावीत, असे मी ढोबळपणे सांगते. हवा फार कोरडी असेल तर मात्र हिरवी झाडे जपणे कठीण जाते.

निवडताना इथेही बुडापासूनच सुरुवात करावी. झाड उलटे धरून तळ पाहावा. वाळलेली, फिकट तपकिरी बाहेरची पाने चालतील. काळपट, ओलसर आणि दाबल्यावर मऊ लागणारा तळ चालणार नाही. मग मधले एखादे पान अगदी हलक्या हाताने ओढून पाहावे. ते घट्ट असायला हवे. कुजायला लागलेल्या झाडाचे मधले पान सहज सुटून येते आणि त्याचे टोक तपकिरी असते. तुमच्या झाडाचे नेमके हेच झाले. कूज आतून बाहेर येते, त्यामुळे बाहेरची पाने ताजी दिसत असतानाही मधला भाग गेलेला असू शकतो. टोपलीत एकावर एक रचून ठेवलेली आणि वरून फवारलेली झाडे म्हणूनच मी घेत नाही, विशेषतः खालच्या थरातली. पानांची टोके वाळली असतील तर मात्र ती नाकारू नयेत, तो केवळ कोरड्या हवेचा परिणाम असतो. एका मापाच्या दोन झाडांत जे हाताला जड लागते ते घ्यावे. सक्युलंटच्या कुंडीच्या अगदी उलट, कारण इथे वजन असते ते झाडातल्याच पाण्याचे.

फुलावर आलेले झाड मोहात पाडते. टिलँड्सिया आयोनांथाची मधली पाने फुलताना लाल होतात आणि त्यांतून जांभळ्या नळ्यांसारखी फुले निघतात, ती खरोखरच नजर खिळवून ठेवतात. परंतु टिलँड्सियाचे एक रोप एकदाच फुलते, त्यानंतर बुडाशी पिल्ले येतात आणि मूळ रोप हळूहळू संपते. तेव्हा बहर ओसरलेले पण बुडाशी दोन-तीन पिल्ले धरलेले झाड दिसले तर तो फायद्याचा व्यवहार समजावा. तांब्याच्या तारेने बांधलेले झाड घेतले तर तार लगेच काढावी, कारण तांबे या कुळाला विषारी आहे. ओल्या शेवाळात बूड गुंडाळलेले असेल तर तेही सोडवावे. आणि बंद काचेच्या गोळ्यात हे झाड ठेवू नये, कारण त्यात भिजलेले झाड सुकत नाही.

याचे सगळे जगणे सुकण्यावर अवलंबून आहे. बरीच टिलँड्सिया रात्री आपली रंध्रे उघडून हवा घेतात, आणि खवल्यांवर पाण्याचा थर असेल तर ती हवा पोहोचत नाही. म्हणून सकाळी वीस-तीस मिनिटे पाण्यात बुडवावे, उलटे धरून झटकावे आणि साधारण चार तासांत पूर्ण कोरडे होईल अशा वाऱ्याच्या जागी ठेवावे. बल्बोसा आणि कॅपुट मेड्युसी या टिलँड्सियांची बुडे कांद्यासारखी फुगीर व आतून पोकळ असतात, त्यांत पाणी अडकते. त्यांना बुडवण्याऐवजी वरून भिजवून लगेच उलटे करावे. टेक्टोरम हा अतिशय लवदार प्रकार आहे, त्याला हलका फवारा पुरतो.

विक्रेत्याला काय विचारावे, असेही तुम्ही लिहिले आहे. ‘पाणी किती दिवसांनी’ हे विचारू नका, कारण तुमची खिडकी पाहिल्याशिवाय त्याला त्याचे खरे उत्तर देता येणारच नाही आणि सौजन्य म्हणून तो ‘आठवड्यातून एकदा’ असे सांगेल. त्याऐवजी रोप आजवर उघड्या उन्हात होते की शेडनेटखाली, ते इथेच वाढवले की बाहेरून आणले, आणले असेल तर केव्हा, आणि शेवटचे पाणी कधी दिले, हे विचारा. शेडनेटखालचे रोप घरी आणून थेट उन्हात ठेवले तर पाने भाजतात आणि ते डाग जात नाहीत. दुर्मीळ प्रकार असेल तर तो बियांपासून किंवा कलमापासून वाढवलेला आहे ना, हेही विचारावे. जवळजवळ सगळे निवडुंग आणि टिलँड्सिया झेरोग्राफिका यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतचा करार) नुसार नियंत्रण आहे. रानातून उपटलेले रोप सहसा ओबडधोबड, जखमांचे व्रण असलेले आणि तोडक्या मुळांचे असते, आणि ते घरात जगण्याची शक्यताही कमीच असते.

आकाराबाबत माझा कल लहान रोपांकडे आहे. तुमच्या खिडकीसाठी एक हॉवर्थिया, एक गॅस्टेरिया आणि पिल्ले धरलेले एक आयोनांथा एवढेच आणा, आणि शक्य असेल तर वाढीचा हंगाम सुरू होताना आणा, म्हणजे कुंडी बदलल्यावर मुळे लवकर धरतील. घरी आल्यावर ती दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळी ठेवा, कारण नर्सरीत न दिसलेली कीड या काळात बाहेर पडते. एखाद-दुसरा पिठ्या ढेकूण दिसला तर सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून घ्यावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे, कारण त्याची अंडी पहिल्या खेपेला बहुधा सुटतात. कुंडी बदलताना तुटलेल्या मुळांना सुकायला दोन-तीन दिवस द्यावेत, कोरड्या मिश्रणात लावावे आणि पहिले पाणी साधारण आठवड्याने घालावे. त्यानंतरचे पाणी दिवस मोजून देऊ नका. लाकडी काडी तळापर्यंत खोवून बाहेर काढा, ती कोरडी आली तरच कुंडी पूर्ण भिजेल इतके पाणी द्या.